एकटा कंदील

बालकवींच्या एका कवितेची सुरुवातच ‘कोठुनि येते मला कळेना उदासीनता ही हृदयाला’ अशा कबुलीने होते. ओळ कितीही हळवी असली तरी तिथे कवी आपल्याला मनाची अवस्था सांगतो आणि आपण ती ऐकून घेतो. ‘औदुंबर’मध्ये मात्र उदासीनता हा शब्दच नाही, आणि तरीही ती कविता मला अधिक विषण्ण वाटते. शाळेत ती आम्ही निसर्गवर्णन म्हणून पाठ केली आणि रंगांची नावे लिहून गुणही मिळवले!

अवघ्या आठ ओळींच्या या कवितेत हिरवाळी आहे, निळासावळा झरा आहे, पैल टेकडीकडे चार घरांचे चिमुकले गाव आहे. पण माणूस एकही नाही. शेतमळ्यांतून निघालेली पांढरी पायवाट गावाकडे न वळता ‘काळ्या डोहाकडे’ जाते, आणि तिच्यावरून कोणी चालत नसल्यामुळे ‘चालली’ हे क्रियापद त्या वाटेलाच लागते. पुढे पाण्यावर ‘गोड काळिमा’ पसरतो. माझ्या मते सगळी कविता या ‘गोड’वर तोललेली आहे, कारण काळोखाची भीती वाटण्याऐवजी त्याची ओढ वाटू लागणे, ही निराशेची फार पुढची पायरी होय. औदुंबर हा दत्ताचा वृक्ष, त्यामुळे पाण्यात पाय टाकून बसलेल्या त्या झाडात विरक्त योगी पाहणारे वाचक आहेत. मला तिथे उठण्याची इच्छाच संपलेले कोणीतरी दिसते. कवी 1918 साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, रेल्वे अपघातात गेला, हे ठाऊक असल्यामुळे आपण कवितेत नसलेला काळोखही तिच्यात ओततो, एवढे भान मात्र ठेवले पाहिजे.

बालकवींचे चित्र डोळ्यांपुढे आत्ता उभे आहे, तर ग्रेस यांच्या ‘ती गेली तेव्हा’मध्ये ते आठवणीतून येते. पाऊस निनादत होता, वारा पाचोळा उडवीत होता, अशी ही कविता ‘तेव्हा’ आणि ‘होता’ यांच्या आधाराने मागे मागे जाते. आई गेल्याचे दुःख सांगताना ग्रेस आईचा चेहरा रंगवत बसत नाहीत. आणि खरोखर, मोठ्या दुःखाच्या दिवसातले आपल्यालाही असेच काहीतरी आठवते, दारातल्या चपला किंवा चुलीवर तसेच राहिलेले दूध. बालपण संपल्याची जाणीव त्या मुलाला अंगणात होते आणि लगेच नजर खिडकीवरच्या धुरकट कंदिलाकडे जाते. एकटा पडलेला असतो तो मुलगा. पण कवी लिहितो, ‘कंदील एकटा होता’.