ऐंशी टक्के खात्री

सप्टेंबर 2012 मध्ये अमेरिकेतील नोटर डेम विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलपटू मँटाय टेओ याच्यावर एकाच दिवशी दोन आघात झाल्याची बातमी देशभर पसरली. त्याची आजी वारली आणि काही तासांतच लेनेय केकुआ ही त्याची प्रेयसी रक्ताच्या कर्करोगाने दगावली, असे सांगितले गेले. हवाईहून आलेला हा 21 वर्षांचा लाइनबॅकर, म्हणजे बचाव फळीतला खेळाडू, त्याच आठवड्यात मिशिगन स्टेटविरुद्ध खेळला, संघाने सामना 20-3 असा जिंकला आणि पाहता पाहता 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या मुखपृष्ठावर त्याचे छायाचित्र झळकले.

आजीचा मृत्यू खरा होता. लेनेय केकुआ नावाची तरुणी मात्र अस्तित्वातच नव्हती. कुणीतरी दुसऱ्याच एका मुलीची छायाचित्रे वापरून समाजमाध्यमांवर खाते उघडले होते, आवाज बदलून तासन् तास दूरध्वनीवर गप्पा मारल्या होत्या आणि मँटायला आपल्या प्रेमात गुंतवले होते.

लेनेय स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत होती, असे बातम्यांत छापून आले होते. विद्यापीठाला एक दूरध्वनी केला असता, तर अशी विद्यार्थिनी तेथे नव्हती हे तेव्हाच कळले असते. तिच्या मृत्यूची तारीखसुद्धा वेगवेगळ्या बातम्यांत वेगवेगळी होती. तरीही कथा इतकी हृदयद्रावक होती, की ती पडताळून पाहणे बहुतेकांना आवश्यक वाटले नाही.

16 जानेवारी 2013 रोजी 'डेडस्पिन' या क्रीडा संकेतस्थळाने मृत्यूच्या सरकारी नोंदी तपासून हा बनाव उघडकीस आणला. ते काम चोख होते, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच लेखात, बनाव रचणाऱ्याच्या एका निनावी मित्राच्या हवाल्याने, मँटाय स्वतः या कटात सामील होता याची आपल्याला '80 टक्के खात्री' आहे, असे विधानही छापले गेले. या टक्केवारीला आधार कोणता, हे वाचकाला कळण्याची सोय नव्हती. नोंदींचा पुरावा देणाऱ्या लेखात हे वाक्य आल्यामुळे त्यालाही पुराव्याचे वजन आले, आणि प्रसिद्धीसाठी त्यानेच हे सारे घडवले, इथपासून तो आपली लैंगिकता लपवत होता, इथपर्यंतच्या वावड्या उठल्या.

या कुजबुजीला एक खरा धागाही मिळाला होता. मुलीला प्रत्यक्ष भेटलो आहे, असे मँटायने वडिलांना खोटेच सांगितले होते. कधीही न भेटलेल्या मुलीवर जीव जडला हे घरी कबूल करण्याची लाज वाटणाऱ्या मुलाचे ते खोटे होते, परंतु लोकांनी त्यालाच कटाचा पुरावा मानले.

त्याच महिन्यात दूरचित्रवाणीवर पत्रकार केटी कुरिक यांनी, तू समलिंगी आहेस का, असा प्रश्न त्याला थेट विचारला. ज्याची फसवणूक झाली, त्या विद्यार्थ्याला देशासमोर स्वतःच्या खाजगी आयुष्याचा खुलासा करावा लागला. एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन करंडकाच्या मतदानात दुसरा आलेल्या या खेळाडूचे नाव पहिल्या फेरीत पुकारले गेले नाही. दुसऱ्या फेरीत, 38 व्या क्रमांकावर, सॅन डिएगो चार्जर्सने त्याला घेतले. पुढे व्यावसायिक सामन्यांत खेळतानाही मनावरचा ताण इतका असे, की अंग बधिर होत असे, हे त्याने 2022 मध्ये एका माहितीपटात सांगितले.