पाटी पुसायची राहिली

(दृश्य: दांडिया बाजार, गल्लीतून जिन्याकडे)

वडोदऱ्याचा दांडिया बाजार. या जिन्यावरच्या खोलीत एका मराठी घराचं हिशेबाचं काम चालतं. टेबलाखालचा हा सर्व्हर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो आणि महिनोन् महिने बंद होत नाही, याचं मालकांना केवढं कौतुक! टेक्नॉलॉजीला शिकणाऱ्या त्यांच्या भाच्याला नेमकी त्याचीच काळजी.

"मामा, तुमचा पासवर्ड नको मला. नुसतं बघा."

सर्व्हरवर चालतंय तेच कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याने आपल्या लॅपटॉपवर घातलंय.

(स्क्रीन, जवळून)

ओळीच्या टोकाला डॉलरचं चिन्ह, म्हणजे साधा वापरकर्ता. एक एंटर. डॉलर गेला, हॅश आला. आता हा रूट, अख्ख्या मशीनचा मालक.

या दोषाचं नाव 'डर्टी पाइप'. तो सापडला जर्मनीतल्या मॅक्स केलरमन या प्रोग्रामरला. एप्रिल 2021 मध्ये एका ग्राहकाची तक्रार आली: वेबसाइटच्या नोंदींची फाइल उघडत नाही. त्याने ती हाताने नीट करून दिली. काही महिन्यांनी पुन्हा तेच, मग पुन्हा. बिघडायची ती बहुतेक महिन्याच्या शेवटच्या दिवसाची फाइल, आणि तीही शेवटच्या आठ बाइटांत. हे आठ बाइट निघाले झिप फाइलच्या मथळ्याचे. महिन्याभराच्या फाइली झिप करून देणारा प्रोग्राम तिथे होता खरा, पण त्याला त्या फाइलींत लिहायची परवानगीच नव्हती. मग लिहिलं कोणी?

(आकृती)

कर्नलने. पाइपमधून माहिती एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे जाते. वेळ वाचावा म्हणून कर्नल फाइलची नक्कल करत नाही, मेमरीतलं तिचं पानच पाइपला जोडून देतं. तेव्हा एक खूण कोरी करायची राहून जात होती, पाटी न पुसताच पुढच्या मुलाच्या हाती द्यावी तशी. जुनी खूण सांगायची, याच पानावर पुढे लिही. झिपचा मथळा तिथेच उतरायचा. वापरकर्त्यांची यादी असलेल्या फाइलवरही असंच लिहिता येतं, आणि साधा वापरकर्ता रूट होऊन बसतो.

20 फेब्रुवारी 2022 ला केलरमनने हे दुरुस्तीसकट कळवलं, 23 ला सुधारलेली कर्नल्स आली. तीन दिवसांत, आणि फुकट! तेव्हाचे काही नवे अँड्रॉइड फोनही यात सापडले होते.

(पुन्हा सर्व्हर)

या सर्व्हरवरही अपडेट कधीच उतरलंय. पण मशीन रीस्टार्ट होईपर्यंत मेमरीत जुनंच कर्नल चालत राहतं, आणि नेमकं तेवढंच कोणी करत नाही.

"आजचा हिशेब जुळला की कर रीस्टार्ट," मामा म्हणतात.