कलम १९ आणि आमचा गणपत

अध्यक्षमहाराज आणि बडोदेकर मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘निर्मिती आणि अध्यापनाच्या स्वातंत्र्याच्या घटनात्मक मर्यादा’. तो वाचूनही तुम्ही आलात, याबद्दल आधी आभार. (हशा)

मर्यादांआधी गणपतचं सांगतो. दांडिया बाजाराजवळच्या एका मंडळाने गणेशोत्सवात एकांकिका बसवली. त्यात गणपत नावाचा गडी दारू पिऊन येतो. तालमीला कार्यकारिणीतले एक गृहस्थ आले. म्हणाले, “बाप्पासमोर बाप्पाच्याच नावाचा दारुडा? भावना दुखावतील.” कोणाच्या? “लोकांच्या.” बरं, वसंत केला. तर चिटणीसच वसंतराव! (हशा) कोणीतरी विठ्ठल सुचवला, त्याला दोघांनी धरून खाली बसवलं. शेवटी गड्याला नावच उरलं नाही, सगळे त्याला ‘अरे ए’ म्हणायचे, आणि दारूचं ताक झालं. ताक पिऊन झिंगणारा माणूस बघायला गर्दी मात्र तोबा! लेखक हल्ली कविता करतो. त्या कोणी वाचत नाही, म्हणून सुखात आहे.

आता घटना. तिच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांना १९१३ साली कोलंबियाला पाठवलं ते इथल्या महाराजांच्या शिष्यवृत्तीने. १९१७ साली ते इथे नोकरीला आले, तेव्हा त्यांना राहायला जागा दिली नाही तीही याच गावाने. असो.

कलम १९(१)(क) अभिव्यक्तिस्वातंत्र्य देतं आणि १९(२) त्याला कुंपण घालतं. कारणं मोजून आठ: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, अपराधाला चिथावणी. शिवाय निर्बंध वाजवी हवा, ही अट १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने घातली. दुखावलेल्या भावना या आठांत कुठे आहेत? त्या मागच्या दाराने आल्या. १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात २९५-अ हे तेव्हाच्या दंडसंहितेचं कलम सुव्यवस्थेच्या नावाखाली टिकलं. पण तिथेही हेतुपुरस्सर आणि दुष्टबुद्धीने केलेला धर्माचा अपमान लागायचा. आमच्या लेखकाची बुद्धी बेताची होती, दुष्ट नव्हती. (हशा) आणि १९८९ च्या रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निदर्शनांच्या धमकीपुढे सरकारने हात टेकायचे नसतात.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. म्हणजे अध्यापन पळत पळत.

जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्याचं, म्हणजे तिथल्या घटनेचं, पाचवं कलम कला, संशोधन आणि अध्यापन मुक्त ठेवतं. लगेच बजावतं, अध्यापकाची संविधाननिष्ठेतून सुटका नाही. रशियाच्या १९९३ च्या घटनेतही अध्यापन नावानिशी आहे, कलम ४४. आपल्या मास्तरांना असं वेगळं कलम नाही. १९ वरच भागवायचं, वर नोकरीचे नियम आणि अभ्यासक्रम. कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशाच्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही, पण धर्मांविषयी शिकवायला हरकत नाही, असं २००२ च्या अरुणा रॉय निकालात आहे.

शेवटचं, आपल्या मराठीतलं. ‘गांधी मला भेटला’ या कवितेच्या खटल्यात २०१५ साली न्यायालय म्हणालं, वंदनीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घालायला काव्याची सबब चालणार नाही. ही कविता कोणी वर्गात शिकवली तर त्या मास्तरांचं काय, इथूनच खरं व्याख्यान सुरू व्हायचं होतं. पण दिवे बंद करणारा माणूस केव्हाचा दारात उभा आहे.