बुचाखालची रिकामी जागा

(दृश्य : अंधारी खोली. काचेच्या बरणीच्या तोंडावर बसवलेला एअरलॉक, म्हणजे पाणी घातलेली वळणदार नळी. पाण्यातून एक बुडबुडा वर येतो.)

गुळुक्.

थोडा वेळ शांतता. मग परत, गुळुक्.

घरी वाइन घालणाऱ्याचा कान या आवाजाला इतका सरावतो, की तो थांबला तर मध्यरात्री जाग येते. आवाज आहे म्हणजे आत यीस्टचं काम चाललंय. साखर फस्त होतेय, तिचं अल्कोहोल होतंय आणि सोबत कार्बन डायऑक्साइड सुटतोय. किती? एक लिटर रसात २०० ग्रॅम साखर असेल, तर ती संपेपर्यंत साधारण ५० लिटर. बरणी एक लिटरची आणि वायू ५० लिटर! अशा बरणीला पहिल्याच दिवशी घट्ट बूच मारलं, तर ते उडून छताला लागणं हा त्यातल्या त्यात बरा शेवट. वाईट शेवट काचेच्या तुकड्यांचा.

म्हणून सुरुवातीचे दिवस तोंडाला स्वच्छ कापडाचा दादरा बांधला तरी भागतं. आतून वायूचा लोंढाच इतका असतो, की बाहेरच्या हवेला शिरकाव मिळत नाही. माश्या तेवढ्या बाहेर राहिल्या पाहिजेत. चिलटांच्या पायांना लागून व्हिनेगरचे जिवाणू येतात.

पंचाईत होते ती हा लोंढा ओसरल्यावर.

(दृश्य : एअरलॉक अगदी जवळून. इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली नळी, तळाशी बोटभर पाणी.)

ही नळी दिसायला खेळण्यासारखी आहे. आतला दाब वाढला की वायू पाणी ढकलून बाहेर जातो. बाहेरची हवा आत येऊ पाहते तेव्हा तेच पाणी आडवं येतं. दार एकाच बाजूला उघडतं, आणि कडी आहे पाण्याची.

पण या नळीचा बुडबुडा फसवतो. खोली तापली की वाइनमध्ये विरघळलेला वायू सुटतो, बुडबुडे येतात. हवेचा दाब उतरला तरी येतात. आंबणं संपलेलं असतं आणि आपण समजतो, चालू आहे. उलटही होतं : बूच नीट बसलेलं नसलं की वायू फटीतून निघून जातो आणि एअरलॉक गप्प बसतो. म्हणून विश्वास ठेवायचा तो हायड्रोमीटरवर, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीवर. पाण्याचं माप एक. कोरड्या, म्हणजे गोडी न उरलेल्या, वाइनचं माप एकाच्या किंचित खाली येऊन थांबतं, साधारण ०.९९० ते ०.९९८. ते काही दिवस तसंच राहिलं, की साखर संपली. तरीही बाटल्या भरायची घाई नको. पुढे जिवाणू मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करतात, आणि त्यातही वायू सुटतो.

आता साक्यावरची निवळ वाइन सायफनने दुसऱ्या बरणीत आली. मुरवण इथून सुरू. आतापर्यंत झाकणाचं काम बाहेर जाऊ देण्याचं होतं, यापुढे आत येऊ न देण्याचं. आणि इथेच बहुतेकांचं लक्ष चुकीच्या जागी जातं. रबराचं बूच बरं की सिलिकॉनचं, यावर तासभर बोलतील. बुचाखाली चार बोटं रिकामी जागा आहे, तिच्याकडे कोणी बघत नाही.

(दृश्य : दोन सारख्या बरण्या. एकीत वाइन गळ्यापर्यंत, दुसरीत खांद्याच्या खाली.)

दोन्हींना एकसारखं बूच, एकसारखा एअरलॉक. पण डावीकडे वाइनचा पृष्ठभाग गळ्याएवढा आहे, समजा ३ सेंटिमीटर व्यासाचा. उजवीकडे तो बरणीच्या पोटाएवढा, १६ सेंटिमीटर. हवेला भिडणारं क्षेत्रफळ जवळजवळ तीसपट झालं. शिवाय ती रिकामी जागा रिकामी नसतेच. एक लिटर हवेत पाव ग्रॅमहून थोडा अधिक ऑक्सिजन असतो, आणि एक मिलिग्रॅम ऑक्सिजन साधारण चार मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड, म्हणजे वाइन टिकावी म्हणून घातलेलं सल्फाइट, खाऊन टाकतो. ४.५ लिटरच्या बरणीत लिटरला ३० मिलिग्रॅम या मापाने मोकळं सल्फाइट असेल, तर ते सगळं संपवायला हिशेबाने कपभर हवासुद्धा लागत नाही.

हे लुई पाश्चर यांनी १८६०च्या दशकात नळ्यांमध्ये करून पाहिलं होतं. काही नळ्या वाइनने काठोकाठ भरून बंद केल्या, काहींमध्ये वर हवा ठेवली. भरलेल्यांत वाइन जवळपास होती तशी राहिली. हवेच्या नळ्यांत रंग उतरला, तळाशी गाळ बसला. बंद दोन्ही होत्या.

‘कार्बन डायऑक्साइड जड असतो, त्याची दुलई वाइनवर पसरते,’ हे तुम्ही ऐकलं असेल. आंबणं जोरात असताना ठीक आहे. पण वायू तेल-पाण्यासारखे थर धरून बसत नाहीत, मिसळतात. झाकण एकदा उघडलं की त्या दुलईवर भिस्त ठेवू नये.

मग जागा भरायची कशी? तशीच दुसरी वाइन असेल तर ती ओतून. नसेल तर लहान बरणी घ्यायची. किंवा काचेच्या गोट्या उकळून आत सोडायच्या, पातळी गळ्यात येईपर्यंत. साध्या गोट्या, रंग लावलेल्या नकोत. पाणी घालून मात्र भरू नका, चवीत कळतं.

(दृश्य : एअरलॉक. तळाशी पांढरट वाळलेली रेघ, पाणी नाही.)

हे माझ्याच बरणीचं चित्र आहे. कपाटात ठेवली, दार लावलं आणि दोन महिने फिरकलो नाही. पाणी केव्हा उडून गेलं कोण जाणे. उघडलं तेव्हा वाइनवर सायीसारखा पातळ पापुद्रा होता, आणि वास थेट सॅलडवरच्या व्हिनेगरची आठवण करून देणारा. आठवड्याला एकदा पाणी बघणं, एवढंच काम होतं.

मग एअरलॉक काढून भरीव बूच का ठोकू नये? ठोकावं, पण वाइन पूर्ण शांत झाल्यावर आणि तापमान स्थिर असेल तिथे. खोली १० अंशांनी तापली तर ४.५ लिटर वाइन दहा-पंधरा मिलिलिटर फुगते. द्रव दबत नाही, म्हणून काठोकाठ भरलेल्या बरणीचं बूच सरकत वर येतं. ओलं असेल तर आणखी सहज. बूच आणि बरणीचा गळा, दोन्ही कोरडे पुसून मगच दाबायचं आणि खाली बोटभर मोकळी जागा सोडायची.

वायू बाहेर जाऊ द्यायचा आणि हवा आत येऊ द्यायची नाही, हा पेच नवा नाही. प्राचीन इजिप्तमध्ये वाइनच्या रांजणांची तोंडं चिखलाने लिंपत. त्यांतल्या काही लिंपणांत बारीक भोक ठेवलेलं सापडतं. उरलासुरला वायू निघून गेला, की ते बुजवायचं.

जर्मनीतल्या स्पायरजवळ एका रोमन थडग्यात १८६७ मध्ये काचेची एक बाटली सापडली. चौथ्या शतकातली. तोंडाला मेण आणि आत वाइनवर ऑलिव्ह तेलाचा जाड थर. बुचाखालची जागा कुणीतरी तेलाने भरली होती. बाटली आजही संग्रहालयात आहे, न उघडलेली, आणि आतलं द्रव अजून सुकलेलं नाही.

(दृश्य : हात एअरलॉक बाहेर काढतात. गळा पुसतात. भरीव बूच बसतं. बरणीवर कागदाची चिठ्ठी, तीवर फक्त तारीख.)