मे महिन्याची ३१ वर्तुळं

(दृश्य : काळ्या पडद्यावर ३१ वर्तुळं. बटण दाबताच सगळी वरखाली सरकतात.)

हा नागपूरचा मे महिना. एक वर्तुळ म्हणजे एक दिवस. वर्तुळ जितकं वर, तितकं त्या दिवसाचं कमाल तापमान जास्त. सगळ्यांत वर पोचलेलं हे तांबडं वर्तुळ २३ मे २०१३ चं आहे. त्या दिवशी शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली. नवतपा, म्हणजे मे अखेरीस सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायचा अजून बाकी होता.

(दृश्य : सीताबर्डी, भर दुपार. तोंडाला दुपट्टे बांधलेले दुचाकीस्वार.)

(दृश्य : खोली, कूलर, लॅपटॉप. कोडच्या ओळी अगदी जवळून.)

वर्तुळ नेमकं किती वर न्यायचं, ते या दोन ओळी ठरवतात. हा आलेख जिने बनवला, तिच्याकडे एक साधी फाईल आहे : तारीख, कमाल, किमान. चित्राची उंची ४०० पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे ४०० ठिपके. तळाला १० अंश, माथ्याला ५०. ब्राउझर मात्र वरच्या कडेपासून खाली मोजतो, म्हणून मापपट्टी उलटी लिहायची : १० अंशांना ४००, ५० अंशांना शून्य. तसं केलं की ४७.९ अंश वरच्या कडेपासून २१ पिक्सेलवर येतात. कंपासपेटीतली पट्टी घेऊन आलेख काढलेल्या कुणालाही हे गणित जमेल.

ती वापरते त्या लायब्ररीचं, म्हणजे आयत्या कोडच्या संचाचं, नाव डी थ्री. माइक बोस्टॉक, वादिम ओगिएवेत्स्की आणि जेफ्री हीर यांनी ती २०११ साली स्टॅनफर्डमध्ये तयार केली. ती मोफत आहे, तिचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. म्हणूनच नागपुरातल्या या खोलीत ती सहज पोचली.

(दृश्य : वर्ष बदलतं. वर्तुळं हळू निघतात, मध्ये वेग घेतात, हळू थांबतात.)

हे सरकणं पाऊण सेकंदाचं. साधारण पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगतो, म्हणजे एवढ्या वेळात ४५ चित्रं. पण खरी मेख वेगळीच आहे. प्रत्येक वर्तुळाला त्याची तारीख किल्ली म्हणून दिलेली असते. ती दिली नाही तर संगणक वर्तुळं आणि नोंदी यांच्या नुसत्या क्रमाने जोड्या लावतो. मग एका दिवसाची नोंद गहाळ झाली, की पुढचं प्रत्येक वर्तुळ एक घर सरकतं आणि २३ तारखेची उष्णता २२ च्या नावावर जाते. तारीख सांभाळली म्हणून हा आलेख खरा बोलतो.

(दृश्य : चौकटीच्या वर, पोकळ वर्तुळ.)

हे वर्तुळ चौकटीबाहेर का? २०२४ च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले, आणि देशभर बातमी झाली. तो आकडा यंत्रातल्या बिघाडामुळे आल्याचं हवामान खात्यानेच नंतर सांगितलं. आपल्या मापपट्टीवर ५६ अंश माथ्याच्या ६० पिक्सेल वर जातात. तो आकडा तिने पुसला नाही. वर्तुळ पोकळ ठेवलं, शेजारी कारण लिहिलं. आमच्या मते आकड्यांशी असंच वागायला हवं.

(दृश्य : मोबाइल. अक्षावर ४०, ४५, ५० असे देवनागरी आकडे.)

आकडे मराठीत आहेत, कारण तिने ते मागितले. लायब्ररीला दहा अंकांची यादी द्यायची, शून्यापासून नऊपर्यंत. बाकीचं ती बघते. एवढं सोपं असताना मराठी पानांवरचे आलेख इंग्रजीत का असावेत?

(दृश्य : ऑटो स्टँड. काकांचं बोट पडद्यावर.)

माऊसचं टोक बारीक, बोट जाड. पाच पिक्सेलच्या वर्तुळावर ते नेमकं टेकत नाही. म्हणून कोड बोटाखालचा बिंदू घेतो आणि सगळ्यांत जवळचं वर्तुळ शोधून देतो.

काका म्हणतात, "हाव ना, हाच तो मे. दुपारी सवारीच नव्हती भेटत."

(दृश्य : काकांचा चेहरा. निवेदन नाही.)

हे पान पुढे शहरातल्या काही शाळांतही दाखवलं गेलं.

(दृश्य : पुन्हा कोड. नवी फाईल उघडते.)

फाईलमधला किमान तापमानाचा रकाना अजून वापरलेला नाही. पुढचा आलेख नागपूरच्या रात्रींचा आहे, आणि त्यासाठी मापपट्टी पुन्हा आखावी लागणार आहे.