खालची तार

(दृश्य: दुपारची वेळ, रिकामं सभागृह. स्टेजवर केबलींची वेटोळी. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेवर एक बोट.)

ही बेस गिटारची ई तार. चार तारांतली सर्वांत जाड. मोकळी छेडली की सेकंदाला साधारण 41 कंपनं होतात. साध्या गिटारची सर्वांत खालची तारसुद्धा 82 वर असते, म्हणजे बेस तिच्याही एक सप्तक खाली. इतका खालचा सूर कानाआधी छातीला कळतो. गाणं चालू असताना प्रेक्षकांचं बेसकडे लक्ष असेलच असं नाही, पण बेस थांबला की गाणं पोकळ वाटायला लागतं.

मी पुण्यात ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. भावगीतं, लावण्या, जुनी हिंदी गाणी, लग्नाच्या संगीतात येईल ते. ही फिल्म आहे एका छोट्या डब्याबद्दल. दुकानात त्याला मल्टिइफेक्ट्स पेडल म्हणतात, आम्ही वाजवणारे प्रोसेसर म्हणतो. वाद्य आणि अँप यांच्या मध्ये तो बसतो आणि आवाजाला हवं ते रूप देतो, त्या प्रत्येक रूपाला इफेक्ट म्हणतात. कमी पैशांत तो घ्यायचा झाला तर काय बघून घ्यायचा, हे मला एकदा चुकल्यावर समजलं.

(दृश्य: गणेशोत्सवाचा मांडव, रात्र. स्पीकरच्या भिंती.)

माझा पहिला प्रोसेसर गिटारचा होता. सेकंडहँड, एका गिटारवाल्या मित्राकडून घेतलेला. ‘बेसलाही चालतो रे, जॅक तोच आहे,’ असं तो म्हणाला आणि त्याचं खोटं नव्हतं. जॅक तोच असतो. घरी हेडफोनवर आवाज झकास वाटला. मांडवात पहिल्याच गाण्याला साउंडवाल्याने वाकून विचारलं, ‘दादा, बेस चालू आहे ना?’ बेस चालू होता. पण मी ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट, लावलं होतं, आणि गिटारचं ओव्हरड्राइव्ह खालचा भाग मुद्दाम कापतं, कारण गिटारचा आवाज त्यानेच मोकळा होतो. माझी ई तार त्या डब्यात शिरत होती आणि बाहेर नुसती खरखर येत होती. अख्खा कार्यक्रम मी प्रोसेसर बंद ठेवून वाजवला.

त्या रात्रीपासून माझी एकच कसोटी आहे. डब्यात आवाज किती आहेत ते नंतर बघायचं. आधी बघायचं, खालची तार आत जाते तशी बाहेर येते का.

(दृश्य: वाद्यांच्या दुकानाचा काउंटर. खांद्यावर बेसची बॅग.)

दुकानात जाताना स्वतःचा बेस घेऊन जा. दुकानातल्या चकचकीत बेसवर सगळंच चांगलं वाजतं. तुमच्या तारा जुन्या असतील, तारांची कंपनं टिपणारा पिकअप कमजोर असेल, आणि प्रोसेसरला रोज त्यांच्याशीच नांदायचं आहे. मी गेलो तेव्हा बजेट दहा हजारांच्या आतलं होतं. काउंटरवर दोन डबे आले. एक बॉसचा जीटी-1बी, देखणा, पायाने दाबायच्या एक्स्प्रेशन पेडलसकट, पण माझ्या बजेटच्या बाहेरचा. दुसरा झूमचा बी1 फोर. झूम ही टोकियोची कंपनी, 1983 मध्ये सुरू झालेली. 1990च्या दशकात त्यांचा 506 हा खास बेससाठी काढलेला छोटा डबा होता. बी1 फोर त्याच घराण्यातला. एका वेळी पाच इफेक्ट्स साखळीत लावता येतात. एक्स्प्रेशन पेडल हवं असेल तर बी1एक्स फोर घ्यायचा, बाकी डबा तोच.

कंपनीने भरून दिलेले पॅच, म्हणजे इफेक्ट्स जुळवून साठवलेले तयार आवाज, मी आधी ऐकलेच नाहीत. दुकानदाराला म्हटलं, ‘सगळे इफेक्ट्स बंद करून द्या.’ त्याला नवल वाटलं, पण दिलं. आधी बेस सरळ अँपला जोडून ई तार वाजवली. मग मध्ये डबा घालून, सगळं बंद ठेवून, तीच तार, तेवढ्याच जोराने. तीन-चार वेळा उलटसुलट केलं. फरक जाणवला नाही. ही पहिली पायरी पार झाली की मगच पुढचं बघायचं.

(दृश्य: जवळून. नॉब फिरवणारी बोटं, पडद्यावर कॉम्प्रेसरचं चित्र.)

पुढचं म्हणजे कॉम्प्रेसर. बेसवाल्याला रोज लागणारं खरं हत्यार हेच. आपली बोटं माणसाची आहेत. एक ठोका जोरात बसतो, दुसरा हलका. जोराचा ठोका कॉम्प्रेसर दाबतो आणि मग सगळंच थोडं वर उचलतो, म्हणून ओळ सलग ऐकू येते. भावगीतात बेस ‘सा’ आणि ‘प’वर शांत चालत असतो, तिथे हा सलगपणा फार मोलाचा. फक्त अटॅकचा नॉब अगदी कमीवर नेऊ नका. बोट तारेवर पडताना जो ‘ठक्’ होतो तोही दाबला जातो आणि बेस गोधडीखाली घातल्यासारखा वाजतो.

मग ओव्हरड्राइव्ह. मी पोळलेलो असल्यामुळे इथे सर्वांत जास्त वेळ घालवला. बेससाठी बनवलेल्या ड्राइव्हमध्ये बहुधा मूळ आवाज मिसळायचा एक नॉब असतो. निम्मा आवाज फाटलेला आणि निम्मा जसाच्या तसा, असं केलं की वरची धार मिळते आणि खालचं वजनही शाबूत राहतं. ज्या डब्यात हा नॉब नाही, तो कितीही स्वस्त असला तरी बेसला घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑक्टेव्हर गमतीचा आहे. वाजवलेल्या सुराखाली एक सप्तक तो स्वतः तयार करतो. पण त्यासाठी त्याला आधी तुमचा सूर ओळखावा लागतो. ई तारेचं एक कंपन पूर्ण व्हायला जवळजवळ 24 मिलिसेकंद लागतात. डबा एवढा वेळ थांबला तर आवाज मागे पडतो, न थांबता अंदाज केला तर आवाज थरथरतो. शिवाय 41च्या खालचं सप्तक म्हणजे 20, तिथे माणसाचं ऐकणंच संपत येतं. म्हणून ऑक्टेव्हर लावला की हात वर न्यायचा, सातव्या पट्टीच्या, म्हणजे फ्रेटच्या, पुढे. तिथे तो नीट चालतो आणि सिंथ बेससारखा गोल, गुबगुबीत आवाज देतो. हे न सांगता विकला की गिऱ्हाईक दोन दिवसांत डबा बिघडलाय म्हणून परत घेऊन येतं.

(दृश्य: तालमीची खोली. ढोलकी, कीबोर्ड, तबला.)

घरी आणल्यावर मी पॅच केले फक्त सहा. नावं आमच्या भाषेतली, रोमन अक्षरांत का होईना: भावगीत, लावणी, फंक. लावणीच्या पॅचवर बरेच दिवस गेले. ढोलकीची धुमाची बाजू आणि बेस, दोघंही खालच्याच मजल्यावर राहतात. मी बास वाढवला की ढोलकी बुजते आणि ढोलकीवाले काका माझ्याकडे बघतात. शेवटी उलटं केलं. खालचं थोडं कमी केलं आणि 700-800 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, आसपास जरा उचललं. तिथे बोटांचा स्पर्श ऐकू येतो. ढोलकीला तिची जागा मिळाली आणि बेसची ओळ छोट्या स्पीकरवरही कळायला लागली. काका एवढंच म्हणाले, ‘आता कसं, दोघं दिसतोय.’

पॅचचे आवाज एकमेकांशी जुळवून घ्या, हेही सांगतो. भरून आलेले पॅच कुणी कुजबुजतं, कुणी ओरडतं. आणि गाण्यांच्या क्रमाने लावा. पायाखाली खटके दोनच, एक मागे, एक पुढे. दुसऱ्यावरून पाचव्यावर जायचं तर मधले दोन ओलांडावे लागतात, ते चालू गाण्यात करायची वेळ येऊ नये.

रियाझासाठी लूपर आहे, वाजवलेला तुकडा पुन्हापुन्हा ऐकवणारा, 30 सेकंदांचा. मोबाइल जोडायला वेगळं भोक आहे. मी रात्री पंचमदांच्या ताफ्यातल्या टोनी वाझ यांचा बेस ऐकत हेडफोनवर सोबत वाजवतो, शेजाऱ्यांना त्रास नाही. हेडफोनचा आणि अँपचा जॅक मात्र एकच. साउंडवाल्याकडे जाणारी जाड तीन पिनांची एक्सएलआर जोडणी या डब्याला नाही. मोठ्या कार्यक्रमाला डीआय बॉक्स, म्हणजे साध्या जॅकचा आवाज एक्सएलआरवर देणारा डबा, लागतो, तो साउंडवाल्याकडे असतो, पण आधी फोन करून विचारलेलं बरं.

(दृश्य: बुधवार पेठ, पासोड्या विठोबाजवळची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं. हातात अडॅप्टर, त्यावरचं छोटं चिन्ह जवळून.)

आता अडॅप्टर. कृपया हे नीट बघा. 9 व्होल्ट, 500 मिलिअँपिअर, आणि मधली पिन ऋण. हे चिन्ह, बघा: मधल्या ठिपक्याकडून जाणारी रेघ वजा चिन्हाला मिळते. आपल्याकडच्या बऱ्याच अडॅप्टरमध्ये मधली पिन धन असते. आमच्या ओळखीच्या एका मुलाने घाईत घरच्या राउटरचा 12 व्होल्टचा अडॅप्टर खुपसला. पिन बरोबर बसली. डबा गेला. पोराने सुट्टीभर काम करून पैसे साठवले होते.

(दृश्य: पुन्हा सभागृह, संध्याकाळ. पडद्यामागे वाद्यं लावणं चालू.)

आजचा कार्यक्रम. प्रोसेसर लावलाय, आणि स्पीकरमधून हम येतेय, विजेची सलग घुरघुर. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. ई तारेवर तिसऱ्या पट्टीत बोट ठेवलं की 49 हर्ट्झचा सूर निघतो, पेटीवर पांढरी पाच, तिचा खर्ज. म्हणजे ही हम पांढरी पाचच्या किंचित वर बसते. किंचित, म्हणूनच बोचते. आणि आजचं पहिलं गाणं पांढरी पाचमध्येच आहे. नॉइज गेट लावला तर वाजवणं थांबल्यावर हम जाते, वाजवताना ती सुराच्या पोटात तशीच राहते.

अडॅप्टर काढतो. मागचं झाकण उघडून चार पेन्सिल सेल घालतो. डब्याचा पडदा पुन्हा उजळतो.

(दृश्य: बोट तिसऱ्या पट्टीवर. आवाज: आधी शांतता, मग एकच सूर.)

हम गेली. गाणाऱ्या बाई तानपुरा जुळवतायत. ढोलकीवाले काका मान हलवतात.

(पडदा वर जातो.)