अर्क, अंडी आणि मानमोडीचा विषाणू

श्रोतेहो, नमस्कार. कोंबड्यांच्या मानमोडीवर, म्हणजे राणीखेत रोगावर, अमुक झाडपाला चालतो असं पुष्कळदा ऐकू येतं. तो खरंच विषाणूवर चालतो का, हे प्रयोगशाळेत कसं ताडून पाहतात ते आज सांगतो.

पाला सावलीत वाळवून दळा. 10 ग्रॅम भुकटी 100 मिलिलिटर 70 टक्के अल्कोहोलमध्ये 24 तास हलवत ठेवा, गाळा आणि 40 अंशांवर अल्कोहोल उडवा. अल्कोहोल उडाल्यावर उरलेला घट्ट अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवा, पातळ करा आणि 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून काढा. नाहीतर पाल्यावरचे जिवाणूच चाचणीच्या अंड्यांतले भ्रूण मारतील.

चाचणी 9 ते 11 दिवसांच्या फलित अंड्यांत होते. लस दिलेल्या कोंबड्यांची अंडी घेऊ नका. बलकातून आलेली प्रतिपिंडं विषाणूला आधीच अडवतात आणि शाबासकी मात्र अर्काला मिळते. काही अंड्यांत विषाणू आणि अर्क दोन्ही टोचा; तुलनेसाठी काहींत नुसता विषाणू, काहींत नुसता अर्क, काहींत नुसता द्रावक टोचा. टोचल्यापासून 24 तासांत मेलेलं अंडं मोजणीत धरू नका, ते बहुधा सुईच्या इजेनं गेलेलं असतं. नुसत्या अर्कानंच भ्रूण नंतर मरत असतील, तर ती मात्रा बाद.

लासोटा हा लशीचा सौम्य वाण वापरला तर भ्रूण लवकर मरत नाहीत. म्हणून अंड्यातला द्रव काढून त्यातला विषाणू कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींच्या 1 टक्का मिश्रणावर मोजतात. विषाणू पेशी एकमेकींना चिकटवतो, म्हणून पेशी पसरल्या तर विषाणू आहे, तळाशी ठिपका बसला तर नाही. खरी गोची इथेच. हिरडा, डाळिंबाची साल यांतलं टॅनिन पेशींना स्वतःच चिकटवतं; रिठ्यातलं सॅपोनिन त्या फोडून टाकतं. नुसत्या अर्काची रांग शेजारी लावली नाही, तर निकाल निरर्थक. शिवाय मेलेला विषाणूही पेशी चिकटवू शकतो. त्यामुळे मी एवढ्यावर विसंबणार नाही. द्रव दहा-दहापट पातळ करत प्रत्येक पायरीला 5 नवी अंडी टोचून जिवंत विषाणू मोजायला हवा. शंभरपट घट दिसली, तीही पुन्हा केलेल्या चाचणीत, तर बोलण्यासारखं काही आहे. दुप्पट-तिप्पट फरक चाचणीच्या चढउतारातच जातो.

आणखी एक: विषाणूत अर्क आधी मिसळून घट आली, पण विषाणू टोचून तासाभरानं अर्क दिल्यावर आली नाही, तर तो अर्क विषाणूला बाहेरच निकामी करतो. भांडी धुवायला कदाचित उपयोगी; आजारी कोंबडीला पाजण्याची शिफारस त्यावरून करता येणार नाही.